डिंकातला चेहरा

खलात डिंकाचा खडा टक् करून फुटला आणि दुपारच्या सुन्न घरात तेवढाच आवाज झाला. कस्तुरानं बत्ता वरच्या वर धरला आणि पाळण्याकडं पाहिलं. मुंजानं झोपेतच ओठ चोखले, एक पाय झाडला आणि पुन्हा गाढ झाला.

“कुटू नको गं,” पडवीतून सासऱ्याचा आवाज आला. “डिंक कुटायचा नसतो, फोडायचा. लय बारीक केला की पान्यात गुठळ्या धरतो.”

“व्हय मामा.”

तिनं पदर डोक्यावर सारखा केला. किशनरावांना मोतीबिंदूनं आता काही दिसत नव्हतं. उजेड कुठं आणि अंधार कुठं, तेवढं कळायचं. पदर असला काय आणि ढळला काय, त्यांना सारखंच. पण सासरा बोलला की हात आपोआप डोक्याकडं जायचा. माहेरून आणलेल्या सवयी अशा घरात कुणी आंधळं झालं म्हणून सुटत नाहीत.

दिवसातला हा एवढाच वेळ तिचा होता. पहाटेपासून भाकरी, म्हैस, धुणं, शेतात न्याहारी पोचवणं. मग गोजर शाळेत गेलेली, नवरा दिवस कलल्याशिवाय येणार नाही, आणि मधे मुंजा झोपेल तितकी सवड. ऊनही नेमकं तेव्हाच डोक्यावर असायचं. या कामाला ऊनच लागायचं.

काम काय, तर कस्तुराला तिच्या सवतीचा फोटो छापायचा होता.

रुख्मिणीला जाऊन पाच वर्षं होत आली होती. कस्तुरानं तिला कधी पाहिलं नव्हतं. लग्नात मंगळसूत्रासोबत गळ्यात सवतीचा टाक बांधला गेला, तीच काय ती ओळख. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेली बाई. दोन ठिपके म्हणजे डोळे, एक रेघ म्हणजे नाक. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं आणि मग नेसायचं, सणाचा पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचा. पहिल्या वर्षी कस्तुराला त्या टाकाची भीती वाटायची. दूध नासलं तरी वाटायचं, हिनंच नासवलं. मुंजा झाला, सुखरूप सुटका झाली, तेव्हा मात्र तिनं सगळ्यात आधी तो टाक मुठीत धरला आणि रडली. शेजारची बायनाबाई म्हणाली, पोरगी भेलीय. ती भ्यालेली नव्हती. तिच्या मनात आलं होतं, याच जागेवरून ती बिचारी परत आली नाही.

आणि आता या फाल्गुनात रुख्मिणीची पोर, गोजर, आरशापुढं उभी राहायला लागली. भिंतीतल्या हातभर आरशात नाक लावून पाहायची. भांग मोडून पाहायची, गाल फुगवून पाहायची.

“काय बगायलीस गं येवढं? देवीचा मुखवटा हाय का त्यात?”

“बायनाआजी म्हनली, मी आईचं तोंड घेऊन आले. म्हनून बगायले.” पोरीनं आरसा परकराच्या टोकानं पुसला. “मावशे, तिचं नाक असंच व्हतं का?”

“मी न्हाई पाहिली गं बाई तिला.”

“मंग मीच पाहिली व्हती ना?”

“व्हय, तू पाहिली व्हती.”

“मला कामून आठवत न्हाई मंग?”

कस्तुरानं तिला जवळ ओढलं आणि उगंच वेणी सोडून परत घातली. गावातल्या प्रत्येकानं रुख्मिणीला पाहिलं होतं. तिचा चेहरा ठाऊक नव्हता तो फक्त या दोघींना, ज्यांना तो हवा होता.

खरं तर हे घर फोटोंचं. किशनरावांनी निजामाच्या काळात, मिसरूड फुटण्याच्या वयात, हैदराबादेत एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकलं होतं. मग गावाकडं येऊन शेती बघत बघत आसपासच्या गावांतल्या सोयरिकी, लग्नं, म्हातारी माणसं, सगळ्यांचे फोटो काढले. सुनेचेही काढले असतीलच. पण तेराव्यानंतर नवऱ्यानं, राधाकिशननं, घरातले रुख्मिणीचे सगळे फोटो गोळा केले आणि चुलीत घातले. लोक म्हणाले, दुःख झालंय लेकराला. कुणी काही विचारलं नाही.

कस्तुरानं सासऱ्याला विचारलं. म्हाताऱ्यानं आधी दाराकडं कान दिला. मग म्हणाला, “माळ्यावर जुन्या पेटीत धोतराच्या फडक्यात तिच्या फोटूची एक काच हाय. हळू काढ. राधाकिशनला ठाव न्हाई.”

तिनं काच काढली, उन्हाकडं धरली आणि हातातून सुटता सुटता राहिली. तोंड काळंठिक्कर. केस पांढरे. डोळ्यांची बुबुळं पांढरी आणि कपाळावर एक उजेडाचा ठिपका.

“मामा, ही तर भुतावानी…”

“उलटी हाय ती. काच उलटंच सांगती, लेकी. काळं ते गोरं आन गोरं ते काळं. छापल्याबिगर मानूस सुलटं व्हत न्हाई.” त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. “कडंला कातडं सुटलंय का बघ. बोट लावू नको, डोळ्यानंच बघ.”

काचेवरचा तो पातळ पापुद्रा एका कोपऱ्यातून वर आला होता, कांद्याच्या सालीसारखा.

“सुटलंय. कानापस्तोर आलंय.”

“मंग दोन-तीन उन्हं सोसंल. जास्ती न्हाई.”

तिनं म्हटलं, जिंतूरला फोटोवाल्याकडं द्यावी का? किशनराव हसले. “तो म्हनंल, फेकून द्या बाबा. आन छापला तरी चांदीच्या कागदावर छापंल, धुईल घाईघाईनं, चार वर्सात पिवळा पडून जाईल. डिंकाचा छापा तसा न्हाई. त्यात डिंक, काजळ, पानी आन ऊन. कागद जगंल तवर जगतो. आमचे उस्ताद म्हनायचे, किशन, ये काम सबर का है.” मग थांबून म्हणाले, “पन मला दिसत न्हाई. तुलाच करावं लागंल.”

“मला येईल?”

“भाकर येती ना? मंग येईल.”

*

शिकवायचं कसं, ही पहिली अडचण. सुनेच्या हाताला सासऱ्यानं हात लावायचा नसतो. शेवटी किशनरावांनीच तोड काढली. रुंद ब्रशाला त्यांनी हातभर वेताची काडी बांधायला लावली. ब्रशाजवळचं टोक कस्तुरानं धरायचं, दुसरं टोक ते धरणार. असं काडीच्या दोन टोकांनी शिकणं चालू झालं. कागदावर डिंक ओढताना तिचा हात जड पडला की काडीतून त्यांना कळायचं. “अंगन सारवायलीस का? लेकराच्या कपाळावरून हात फिरवावा तसा फिरव.” त्यानंतर तिचा हात कधी जड पडला नाही.

रीत अशी होती. जाड कागद पाण्यात भिजवून वाळवायचा, म्हणजे पुढं आखडत नाही. मग त्याला साबुदाण्याची पातळ खळ द्यायची. उस्ताद सरस वापरायचे, पण सरस हाडाचा. रुख्मिणीचं चित्र देवघराजवळ लागणार, म्हणून कस्तुरानं खळच घेतली. डिंक फडक्यात बांधून पाण्यात सोडायचा, तो मधासारखा उतरला की त्यात घोटलेलं काजळ आणि एका जुन्या बाटलीतल्या नारिंगी मिठाचं पाणी घालायचं. डिंकाला ऊन कळतं ते या मिठानंच, पण हे मीठ विषारी. किशनरावांची बोटं त्यानंच भेगाळलेली, जन्माची.

“हात राखंनं धू, मंग बेसनानं धू, आन तरी लगीच मुंजाच्या तोंडाला लावू नको,” ते रोज बजावायचे.

हा लेप अंधाऱ्या खोलीत कागदावर द्यायचा, तिथंच वाळवायचा. वर काच ठेवून उन्हात धरायचं. जिथं ऊन लागलं तिथला डिंक कागदाला धरून बसतो, जिथं नाही लागलं तिथला पाण्यात सुटतो. परातीत कागद पालथा तरंगत ठेवायचा आणि वाट पाहायची. एवढ्यानं चित्र फिकंच येतं. म्हणून वाळवून त्यावर दुसरा थर, पुन्हा ऊन, पुन्हा पाणी. मग तिसरा. प्रत्येक वेळी काच आधीच्याच जागी, केसभरही इकडं-तिकडं न होता बसली पाहिजे, नाहीतर माणसाला दोन नाकं.

रुख्मिणीच्या काचेला हात लावायच्या आधी तिनं पिंपळाच्या पानांवर हात बसवला. पहिलं पान पाण्यात गेलं आणि सगळंच्या सगळं वाहून गेलं, कागद कोरा. दुसऱ्या वेळी मुंजा उठला, त्याला पाजता पाजता तिचाही डोळा लागला, आणि उन्हातला कागद तव्यासारखा काळा होऊन बसला. घासला तरी सुटेना.

“ऊन कमी पडलं की सगळं जातं, जास्ती झालं की काईच जात न्हाई,” किशनराव म्हणाले. “ऱ्हाऊ दे. मीबी लय कागद वाया घालवले. उस्ताद कान पिळायचे. तुजा कान कोन पिळनार?”

“मुंजा पिळायलाय की. रोज.”

म्हातारा खळखळून हसला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी असं हसलं होतं.

मग एक दिवस पान आलं. पाण्यात कागद उलटा केला तर नारिंगी रंग धुरासारखा खाली उतरत होता आणि मागं एकेक शीर उघडी पडत होती. गोजर शाळेतून आली, तिनं ते पान घेतलं आणि दप्तरात ठेवलं. “मावशे, हे खरं पान वाळलं तरी हे असंच ऱ्हाईल?”

“असंच ऱ्हाईल.”

“आन आईबी?”

“आईबी.”

बायनाबाईला गोष्ट कळायला वेळ लागला नाही. कुंपणावरून ओरडली, “काय गं कस्तुरे, परातीत सवतीला न्हाऊ घालायलीस म्हनं?”

“घालते की. तुमी या पाठ चोळायला.”

“आगं पन जित्या सवतीला लोक पानी पाजत न्हाईत, आन तू मेलेलीचे लाड करायलीस!” बायनाबाई हसली, मग आवाज उतरवून म्हणाली, “चांगली व्हती गं पोरगी. हसली की उजव्या गालात खळी पडायची. बघ काचंत हाय का.”

काचेत खळी होती. काळ्या गालावर पांढुरकी, अगदी बारीक.

*

डिंक कस्तुरा बोरीच्या रस्त्यावरच्या बाभळीचा आणायची. शेतात न्याहारी देऊन येताना ते झाड लागायचं. बाकीच्या बाभळी थेंब थेंब द्यायच्या. या एकीच्या बुडाला जुने घाव होते आणि तिथून डिंक मेणासारखा ओघळलेला असायचा. शेजारी दुसऱ्या एका बाभळीचं नुसतं खोड उरलं होतं, जमिनीलगत.

राधाकिशन एका संध्याकाळी दिवेलागणीच्या आधीच घरी आला. सुपात डिंक वाळत होता. त्यानं एक खडा उचलला.

“कुठला हा?”

“बोरीच्या वाटंवरल्या बाभळीचा. बुडाला कुऱ्हाडीचे घाव हायेत ना, त्या. लय पाझरती बाई ती.”

तो खडा त्यानं मुठीत धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग तसाच, हातपाय न धुता, बाहेर गेला आणि त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं काडीचं आपलं टोक धरलं, पण ब्रश हलवला नाही. “मामा, त्या बाभळीचं काय हाय?”

किशनरावांनी त्यांचं टोक खाली ठेवलं.

“रुख्मिणी गेली त्या पावसाळ्यात विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं बघ. त्यावरून सगळ्या मुलखात आग लागली. आपल्या गावातबी. गावाबाहेरच्या वस्तीवरली घरं पेटवली. कुनी पेटवली, काय सांगू, आपल्याच लोकांनी. वस्ती रातोरात रिकामी झाली. लेकरंबाळं घेऊन पिकातून पळाले लोक. सारजाबाई सुईन त्याच वस्तीतली. गोजर तिच्याच हातावर झाली व्हती. ती बी गेली.”

कस्तुराला पुढचं कळायला लागलं होतं, आणि कळू नये असंही वाटत होतं.

“पोलिसाच्या गाड्या येऊ नयेत म्हनून पोरांनी रस्त्यावर झाडं पाडली. राधाकिशन त्यात व्हता. सासुरवाडीला गेलाय म्हनून आमी समजत व्हतो. घरी रुख्मिणी अडली, तिला दिवस भरायच्या आधीच कळा आल्या. सुईन न्हाई. बोरीच्या दवाखान्यात न्यावं म्हनून मी बैलगाडी जुपली, गोजर तिला सोडंना म्हनून तीबी गाडीत. बोरीच्या वाटंवर बाभळ आडवी. गाडी निघंना. एक पाडून दुसरी अर्धी तोडली व्हती त्यांनी. पाऊस, चिखल… मागं फिरवली गाडी.” त्यांनी आंधळे डोळे पुसले. “पोटातलं पोरगंबी गेलं. त्यानं कुऱ्हाड मारली तवा त्याला काय म्हाईत, ह्या वाटंनं कोन येनार हाय. पन वस्तीवरल्या लोकांचीबी कुनीतरी वाट बंद केलीच व्हती ना, लेकी.”

पाळण्यात मुंजा रडायला लागला. कस्तुरा उठली नाही. त्याला थोडं रडू दिलं. मग उठली, हात राखेनं धुतले, बेसनानं धुतले, आणि पाजायला बसली. पाजता पाजता तिला सारखं वाटत राहिलं की हा डिंक फेकून द्यावा, दुसऱ्या झाडाचा आणावा. पण दुसऱ्या झाडांना डिंक नव्हता. ज्या झाडाला घाव, त्यालाच डिंक.

*

पहिला थर काजळाचा दिला. कागदावर काचेचे कोपरे पेन्सिलीनं आखून घेतले. ऊन बरोबर लागलं. परातीत कागद पालथा सोडून ती पाटावर बसली, आणि पडवीतून किशनराव दर थोड्या वेळानं विचारत राहिले, “आली का?”

“न्हाई अजून.”

“आली का?”

तिनं कागद परातीतच सुलटा केला. “केस यायलेत, मामा. भांग… डोळे आले.”

“कुनीकडं बघायलेत डोळे?”

“माज्याकडं,” कस्तुरा म्हणाली.

टाकावरचे दोन ठिपके नव्हते ते. कुणाला तरी हाक मारायच्या बेतात असलेली बाई होती, तिच्याच वयाची. कदाचित थोडी लहानच. खालचा ओठ गोजरसारखा दुमडलेला.

ती इतकी पाहत होती की उंबऱ्यावर पडलेली सावली तिला उशिरा कळली. राधाकिशन दुपारीच आला होता. परातीत काय आहे ते त्याला दिसत होतं. त्याचा चेहरा तिनं असा कधी पाहिला नव्हता. कुणी हाक मारली आणि ओ देता येईना, असा.

“कामून करायलीस हे?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“पोरगी आरशात शोधायलीय तिला,” कस्तुरा म्हणाली. “मी काय सांगू तिला, कशी व्हती म्हनून?”

तो उंबऱ्यावरच बसला. बऱ्याच वेळानं राधाकिशन उठला, कोपऱ्यातली बादली उचलली आणि विहिरीवर गेला. स्वच्छ पाणी आणून परातीशेजारी ठेवलं आणि शेतात निघून गेला.

त्यानंतर ऊन डोक्यावर आलं की तो यायचा. पाणी आणून ठेवायचा, चित्राकडं न बघता जायचा. त्या घरात तेव्हा सगळं बोलणं पाण्यानंच होत होतं.

दुसरा थर तांबडी काव आणि काजळाचा दिला. गालाला गोलाई आली, गळ्यातल्या डोरल्याचे मणी मोजता येतील इतके उमटले. पण काचेवरचा पापुद्रा आता कपाळापर्यंत सुटला होता.

“अजून एक ऊन,” किशनराव म्हणाले. “तिसरा हात दिला की डोळ्यात जीव येतो. लाल रंगाचा दे, जरासाच. आन मंग काचंला हात जोड.”

तिसऱ्या थराचं मिश्रण कस्तुरानं एकटीनं केलं. सासरा आजारी नव्हता, पण उन्हानं त्यांचा डोळा लागला होता, आणि तिला वाटलं, आता येतंय मला. डिंकात काव घातली, नारिंगी पाणी घातलं. घोटता घोटता नजर कागदावरच्या कपाळाकडं गेली. कुंकू काळंच उमटलं होतं.

अहेव गेलेली बाई. तिच्या कपाळी काजळ आणि वरून काव, मातीचा रंग? बायनाबाई म्हणायची, रुख्मिणी कुंकू लावल्याबिगर पानी पीत नव्हती. कस्तुरा उठली, देवळीतला करंडा काढला, आपलं रोजचं कुंकू चिमूटभर घेतलं आणि डिंकात सोडलं. सवाष्णीनं सवाष्णीला कुंकू लावावं तसं. मनात म्हणालीसुद्धा, लाव गं बाई. रंग सगळा नारिंगीच दिसत होता. आधीही नारिंगी, नंतरही नारिंगी. काही बदललं असेल अशी शंका यायचं कारणच नव्हतं.

लेप दिला. वाळवला. काच नेमकी खुणांवर बसवली. उन्हात धरली, आणि वेळ झाल्यावर काच उचलायला गेली तर पापुद्र्यानं काचेला सोडलं. सगळाच्या सगळा, केसांपासून डोरल्यापर्यंत, वाळक्या पानासारखा गुंडाळी होऊन काचेवर पडला. तिनं बोटानं सरळ करायला घेतला तर चुरा झाला. हातात राहिली ती नुसती आरपार काच.

“गेली का?” किशनराव जागे झाले होते. आवाज ऐकूनच त्यांना कळलं.

“गेली, मामा.”

“जाऊ दे. कागदावर आली ना? पान्यात सोड.”

तिनं कागद पाण्यात सोडला. राधाकिशननं आणलेलं पाणी होतं. नारिंगी रंग उतरला, पाणी बदललं, पुन्हा उतरला. डोळ्यांत खरंच जीव आला होता. पापण्यासुद्धा दिसत होत्या. पण नारिंगी संपला तरी चेहरा उजळेना. पिवळा राहिला. पाणी बदललं तरी पिवळाच. कपाळ, गाल, गळा, सगळं तोंड हळदीनं माखल्यासारखं.

“कशी आली गं?” म्हाताऱ्याचा आवाज पोराच्या आवाजासारखा अधीर होता. “सांग की.”

“पिवळी आलीय, मामा.”

“पिवळी? काय घातलंस तू?”

“कुंकू,” ती म्हणाली. “तिच्या कपाळाला… चिमूटभरच.”

किशनराव उठून बसले. मग अगदी हळू म्हणाले, “कुंकू म्हंजे हळदच की, लेकी. चुन्यानं लाल केलेली. ते मिठाचं पानी आंबट. आंबट लागलं की ती परत हळद व्हती. आन खळीला धरून बसली आसंल, धुतल्यानं जायची न्हाई.”

कस्तुरानं तोंडावर हात घेतला आणि लगेच काढला. हात धुतलेला नव्हता. सवाष्ण गेली की तिला न्हाऊ घालून हळद माखतात. गावानं रुख्मिणीला शेवटचं पाहिलं ते असंच पिवळ्या तोंडानं. एवढे दिवस पाण्यातून, उन्हातून जिला ती परत आणत होती, तिला तिनं आपल्या हातानं परत तिरडीवर नेऊन निजवलं होतं.

“रडू नको,” किशनराव म्हणाले. “हळद उन्हानं उडती. भिंतीला ठेव, दोन-चार महिने ऊन खाऊ दे. उडून जाईल. खालची रुख्मिणी ऱ्हाईल.”

दोन-चार महिने. तिनं कागद पाटावर ठेवून पाट भिंतीला टेकवला आणि वरून पदर धरावा की काय, असा विचार करत असतानाच अंगणात दप्तर पडल्याचा आवाज आला. राधाकिशनही त्याच वेळी रिकामी बादली घ्यायला आला होता, उंबऱ्यातच थांबला.

“झाली?” गोजर आत धावत आली. “मावशे, झाली आई?”

कस्तुरा बाजूला झाली. दुसरं करता येण्यासारखं काही नव्हतं.

पोरगी चित्रापुढं उकिडवी बसली. आधी नाकाकडं पाहिलं. मग स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं. हसली, उजव्या गालात खळी पडली. मग हळूहळू हसू थांबलं. तिनं मान एका बाजूला कलती केली, जमिनीवर निजलेल्या माणसाकडं वरून पाहावं तशी.

“मावशे, मला आठवलं,” ती म्हणाली. “अशीच व्हती आई. अशीच पिवळी निजली व्हती. आन मी तिच्या तोंडाला हात लावला तर माज्या बोटाला पिवळं लागलं व्हतं. बायनाआजीनं पुसलं.”

पाळण्याची दोरी आपोआप थोडी हलत होती.

“त्याच्या आधी आमी गाडीत व्हतो. पाऊस व्हता. आजा बैलाला ओरडत व्हता. आई म्हनत व्हती, चला, चला. आन रस्त्यात एक झाड निजलं व्हतं, लय मोठं, काट्याचं. म्हनून गाडी मागं फिरवली.” गोजरनं चित्राच्या कडेला बोट टेकवलं, तिथं डिंकाचा थर अजून ओला होता, आणि बोट उन्हाकडं धरून पाहिलं. ते पिवळं झालं होतं. मग तिनं वर पाहिलं. कस्तुराकडं, आणि तिच्यामागं उंबऱ्यात बादली धरून उभ्या असलेल्या बापाकडं, आणि पुन्हा कस्तुराकडं.

“मावशे,” तिनं विचारलं, “ते झाड कुनी पाडलं व्हतं गं?”